बीम आपोआप जुळतात तेव्हा

पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन, ज्याला आपल्याकडील वादक स्टाफ नोटेशन म्हणून ओळखतात, ते आता बहुतांशी संगणकावर होऊ लागले आहे. आणि पूर्वी ज्या असंख्य बारीकसारीक गोष्टींचा निवाडा ताम्रपटावर कोरणारा कारागीर अनुभवाच्या बळावर करीत असे, त्या आज स्वरलेखनाची प्रणाली आपल्या वतीने, आपल्याला न विचारता, क्षणार्धात उरकून टाकते. स्वराची दांडी वर जावी की खाली, दोन स्वरांमध्ये अंतर किती असावे, ओळ कोठे तुटावी, हे जसे ती ठरविते, तसेच क्वेव्हर, सेमिक्वेव्हर आणि त्यांहून लहान स्वर सुटे ठेवून त्यांना शेपट्या काढावयाच्या की आडव्या जाड पट्टीने, म्हणजे बीमने, एकत्र बांधावयाचे, हेही तीच ठरविते. ही जोडणी पुष्कळदा इतकी यथायोग्य असते की तिच्यामागे काही कायदा आहे ह्याची जाणीवही लेखकाला होत नाही. परंतु एखाद्या दिवशी सात किंवा आठ क्वेव्हरांच्या बारमध्ये स्वर भलत्याच ठिकाणी तुटलेले दिसतात, आणि मग तो एकेक बीम हाताने तोडून-जोडून दुरुस्त करीत बसतो.

हाताने दुरुस्त करण्याची ही सवय लागण्यापूर्वीच वाचकाने एक तत्त्व मनात पक्के करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बीम चुकीचा पडला की बहुधा बीम चुकलेला नसतो. लयीची जी विभागणी आपल्या मनात आहे ती प्रणालीला सांगितली गेलेली नसते, आणि तिने आपल्या दप्तरातील सर्वसाधारण नियम लावलेला असतो. म्हणून आधी नियम दुरुस्त करावा, आणि नियमात न बसणारी जी मोजकी स्थळे उरतील तेवढ्यांवरच हात चालवावा. पुढील विवेचन मुख्यतः लिलीपॉण्ड ह्या प्रणालीच्या आधारे केले आहे. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझन ह्या दोघा डच गृहस्थांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली विनामूल्य आहे, हाताने कोरलेल्या जुन्या छापील स्वरग्रंथांचे सौंदर्य संगणकावर उतरविणे हा तिचा उद्देश आहे, आणि तिचे नियम लिखित आज्ञांच्या रूपाने उघड असल्याने ते तपासणे व बदलणे सोपे जाते. आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली असली तरी प्रत्यक्षात ती आणि त्यांतील अंक रोमन लिपीत टंकावे लागतात, हे आरंभीच नमूद करतो.

बीम कशासाठी असतो

१५०१ मध्ये व्हेनिस येथे ओत्ताव्हिआनो पेत्रुच्ची ह्याने सुट्या खिळ्यांनी बहुस्वरी संगीत छापण्यास आरंभ केला, तेव्हा प्रत्येक स्वर हा स्वतंत्र खिळा असल्यामुळे लहान स्वर एकमेकांस जोडण्याची सोय त्या छपाईत नव्हती. पुढे जवळजवळ दोन शतके अशा छपाईतील लहान स्वर आपापली शेपटी घेऊन सुटेसुटेच उभे राहिले. हस्तलिखितात आणि ताम्रपटावर मात्र लेखणीला किंवा कोरणीला असा अडसर नव्हता, आणि तेथे जोडलेले स्वर रूढ झाले; अठराव्या शतकात, १७५० नंतरच्या दशकात, लाइपझिग येथील ब्राइटकोप्फ ह्याने स्वराचे आणखी लहान तुकडे पाडून खिळ्यांच्या छपाईतही बीम सुकर केला. छपाईला त्रासदायक असलेली ही गोष्ट मुद्रकांनी एवढ्या सायासाने का साध्य केली, ह्याचे उत्तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. समोरचा कागद पहिल्यांदाच पाहून वाजविणारा व्हायोलिनवादक एकेक स्वर वेचून वाचीत नाही. तो स्वरांचे पुंजके वाचतो, आणि पुंजका जेथे सुरू होतो तेथे ठोका पडतो हे गृहीत धरूनच त्याचा गज चालतो. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत गोव्याच्या संगीतनियोजकांनी लिहिलेली पाने वादक अशीच, फारशा तालमीविना, वाचून वाजवीत असत. तशा प्रसंगी पुंजका भलत्या जागी तुटला तर स्वर बरोबर असूनही आघात चुकतो.

ह्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे ३/४ आणि ६/८ ही दोन मापे. दोहोंच्या एका बारमध्ये सहा क्वेव्हर मावतात, दोहोंची एकूण लांबी सारखीच. परंतु ६/८ मध्ये ते तीन-तीनच्या दोन पुंजक्यांत बांधले जातात आणि ३/४ मध्ये दोन-दोनच्या तीन, किंवा परंपरेने सहाच्या सहा एका बीमखाली. ३/४ मध्ये कोणी तीन-तीनची जोडणी केली, तर वर टाइम सिग्नेचर काहीही लिहिलेली असो, वाचणारा तो बार दोन ठोक्यांचाच समजेल. म्हणजे लयीसंबंधी बीमचे साक्षीपत्र टाइम सिग्नेचरइतकेच प्रबळ असते, आणि दोघांची साक्ष परस्परविरुद्ध पडू नये ही लेखकाची जबाबदारी ठरते.

प्रणाली निर्णय कसा करते

संगणकाला संगीत ऐकू येत नाही. त्याला फक्त तीन गोष्टी ठाऊक असतात. पहिली, बारच्या आरंभापासून प्रत्येक स्वर किती अंतरावर आहे. दुसरी, ह्या टाइम सिग्नेचरसाठी ठोक्यांची विभागणी काय ठरविलेली आहे. आणि तिसरी, त्या विभागणीला काही अपवाद नोंदलेले आहेत काय. लिलीपॉण्डमध्ये विभागणीचे कलम ‘बीट-स्ट्रक्चर’ ह्या नावाने आणि अपवादांचे कलम ‘बीम-एक्सेप्शन्स’ ह्या नावाने ओळखले जाते; शिवाय विभागणीतील आकडे कोणत्या एककात मोजावयाचे, क्रॉचेटात की क्वेव्हरात, हे सांगणारे एक पायाभूत एकक असते. जोडणी करताना प्रणाली त्या पुंजक्यातील सर्वांत लहान स्वर पाहते. त्या लांबीच्या स्वरासाठी अपवाद नोंदलेला असेल तर तो लावते, नसेल तर सर्वसाधारण विभागणीप्रमाणे जेथे ठोक्याची सीमा येते तेथे बीम संपविते.

अपवादांचे हे कलम अनावश्यक वाटण्याचा संभव आहे, म्हणून त्याचे प्रयोजन सांगितले पाहिजे. ४/४ मध्ये ठोका क्रॉचेटचा असल्याने शुद्ध नियमाने क्वेव्हर दोन-दोन जोडले जावेत. परंतु एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या मुद्रणपरंपरेत सलग क्वेव्हर चार-चारच्या दोन पुंजक्यांत बांधण्याची मुभा आहे, मात्र बारचा मध्य ओलांडण्यास मनाई आहे, आणि पुंजक्यात सेमिक्वेव्हर शिरले की ही मुभा संपून जोडणी पुन्हा एकेका ठोक्याची होते. ही परंपरा प्रणालीने ४/४ पुरता अपवाद म्हणून नोंदून ठेवली आहे. त्यामुळे एका बारमध्ये चार-चार क्वेव्हर आणि लगेच पुढच्या बारमध्ये ठोक्यागणिक पुंजके, असे दिसले तर ती विसंगती नव्हे. लहान स्वर आल्यामुळे नियमाचे दुसरे कलम लागू झाले, एवढाच त्याचा अर्थ.

मिश्र लयीची कसोटी

प्रणालीचे गृहीतक आणि रचनेचा स्वभाव कोठे दुरावतात हे पाहावयाचे असेल तर बेला बार्टोकच्या ‘मिक्रोकोस्मोस’ ह्या पियानोमालिकेकडे वळावे. १९२६ ते १९३९ ह्या काळात लिहिलेल्या ह्या मालिकेत सहा खंड आणि १५३ रचना असून शेवटच्या सहा रचना बल्गेरियन लयीतील नृत्ये आहेत. त्यांपैकी १५१ आणि १५३ ह्या क्रमांकांच्या दोन्ही रचनांच्या बारमध्ये आठ क्वेव्हर आहेत. परंतु पहिलीची विभागणी ३+२+३ आणि दुसरीची ३+३+२. तसेच १४८ आणि १५२ ह्या दोहोंत नऊ क्वेव्हर; एकीत ४+२+३, दुसरीत २+२+२+३. आता प्रणालीच्या दप्तरात ८/८ साठी ३+३+२ ही विभागणी नोंदलेली आहे आणि ९/८ साठी तीन-तीनचे तीन पुंजके. म्हणजे नुसते ८/८ लिहिणाऱ्याला १५३ क्रमांकाची रचना आपोआप बरोबर मिळेल, १५१ क्रमांकाची प्रत्येक बारमध्ये चुकेल, आणि ९/८ लिहिणाऱ्याला १४८ व १५२ ह्यांपैकी एकही बरोबर मिळणार नाही. ह्यात प्रणालीचा दोष मुळीच नाही. आठ ह्या अंकावरून त्याचे अवयव ओळखता येत नाहीत, आणि जे अंकातून कळत नाही ते शब्दाने सांगावेच लागते.

ते सांगण्याची तजवीज अत्यंत साधी आहे. ‘टाइम’ ह्या आज्ञेनंतर विभागणीचे आकडे स्वल्पविरामांनी तोडून लिहावेत आणि मग माप लिहावे: टाइम ३,२,३ ८/८. एवढ्या एका ओळीने पुढील सर्व बारमधील जोडणी योग्य होते, आणि पानावर मात्र ८/८ एवढेच छापले जाते. वाचणाऱ्यालाही विभागणी डोळ्यांनी दिसावी, म्हणजे मापाच्या जागी ३+२+३ असे छापले जावे, अशी इच्छा असेल तर ‘कंपाउंड-मीटर’ ही आज्ञा वापरावी. बीमही तिला अनुसरूनच पडतात. अनोळखी मिश्र लयीत हा दुसरा मार्ग अधिक उपकारक ठरतो, कारण क्वचित एखाद्या बारमध्ये केवळ दीर्घ स्वर असले आणि बीमची साक्ष उपलब्ध नसली, तरी वादकाला ठोके कळतात.

आपले ताल लिहिताना

महाराष्ट्रातील जे संगीतकार एखादी बंदिश किंवा भावगीत व्हायोलिनच्या ताफ्यासाठी किंवा गिटारसाठी स्टाफ नोटेशनमध्ये उतरवितात, त्यांना हा प्रश्न बार्टोकच्या वादकांहून अधिक वेळा भेटतो, कारण आपल्या तालांची रचनाच विभागांवर उभी आहे. दादरा सहा मात्रांचा, ३+३. तो ६/८ मध्ये लिहिला तर प्रणालीचे गृहीतक आणि ताल एकमेकांशी जुळतात आणि काहीच करावे लागत नाही. एकताल बारा मात्रांचा, परंतु त्याचे दोन-दोन मात्रांचे सहा विभाग. तो १२/८ मध्ये लिहिताच प्रणाली तीन-तीनचे चार पुंजके पाडते आणि एकतालाचा चेहराच पालटून जातो. तेथे विभागणी २,२,२,२,२,२ अशी स्पष्ट लिहिली पाहिजे. रूपक सात मात्रांचा, ३+२+२. काही प्रणाल्या ७/८ साठी २+२+३ असे नेमके उलटे गृहीत धरतात, म्हणून तेथेही ३,२,२ असे सांगणे अपरिहार्य होते. झपताल दहा मात्रांचा, २+३+२+३. त्याची विभागणी प्रणालीला आपण होऊन सुचण्याचे काही कारणच नाही.

परंतु ह्याच्याही आधी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो अधिक मूलगामी आहे: एक मात्रा म्हणजे क्वेव्हर की क्रॉचेट? मात्रा क्वेव्हर मानली तर बीम विभाग दाखवील. मात्रा क्रॉचेट मानली, म्हणजे रूपक ७/४ मध्ये लिहिला, तर बीम मात्रेच्या आत शिरून त्या एका मात्रेत आलेले दोन, तीन किंवा चार स्वर एकत्र बांधील. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या स्वरलिपीत एका मात्रेत येणाऱ्या स्वरांखाली अर्धचंद्र काढतात आणि विभाग उभ्या रेघांनी दाखवितात; क्रॉचेटच्या मापात बीम नेमके त्या अर्धचंद्राचे काम करतो. म्हणून भातखंडे पद्धतीतून उतारा करावयाचा असेल, किंवा लय विलंबित असून मात्रेच्या पोटात बारीक काम असेल, तर क्रॉचेटची मात्रा पत्करावी. द्रुत लयीत मात्रेगणिक एकच स्वर असेल तेव्हा क्वेव्हरची मात्रा घेऊन बीमकरवी विभाग दाखवावेत. हा निर्णय एका रचनेत एकदाच घ्यावा आणि शेवटपर्यंत पाळावा.

मात्रेच्या आत बारीक स्वरांची दाटी झाली तर आणखी एक सोय कामी येते. आठ डेमिसेमिक्वेव्हर एकाच अखंड तिहेरी बीमखाली बांधलेले वाचणे दुष्कर असते. ‘सबडिव्हाइड-बीम्स’ हा गुणधर्म चालू केला म्हणजे वरची मुख्य पट्टी अखंड राहते आणि आतल्या पट्ट्या पायाभूत एककाच्या सीमेवर तुटतात, जेणेकरून मोठा पुंजका आणि त्यातील लहान गट दोन्ही एकाच वेळी डोळ्यांत भरतात. हे एकक किती ठेवावे हे आपल्या हाती आहे. आवृत्ती-आवृत्तीत ह्या गुणधर्मांच्या नावांत व तपशिलांत फरक पडलेला असल्याने आपल्या आवृत्तीचीच हस्तपुस्तिका पाहावी.

आज्ञा दिली, पण अंमल झाला नाही

ह्या विषयात सर्वाधिक गोंधळ उडविणारी अवस्था ही, की लेखक विभागणी बदलतो आणि पानावर काहीच बदलत नाही. समजा, ४/४ च्या चौकटीत दक्षिण अमेरिकेच्या नृत्यसंगीतात आढळणारी ३+३+२ ही लय लिहावयाची आहे. पायाभूत एकक क्वेव्हर ठेवले, बीट-स्ट्रक्चरमध्ये ३,३,२ लिहिले, तरी क्वेव्हर चार-चारच जोडलेले राहतात. कारण असे की अपवादाचे कलम सर्वसाधारण कलमाहून वरचढ असते, आणि ४/४ मधील क्वेव्हरांसाठी चार-चारचा अपवाद आधीच नोंदलेला आहे. तो जोवर रद्द होत नाही तोवर नवी विभागणी कागदोपत्रीच राहते. म्हणून ४/४ किंवा ३/४ मध्ये विभागणी बदलताना प्रथम बीम-एक्सेप्शन्स रिकामे करावे आणि मगच नवी विभागणी लिहावी. अपवाद रिकामे करण्याचा एक उपफायदाही आहे: दुसरे काहीही न बदलता तेवढेच केले तर ४/४ मधील क्वेव्हर दोन-दोन जोडले जातात, आणि लहान मुलांच्या पाठ्यपुस्तकासाठी, जेथे प्रत्येक ठोका वेगळा दिसणे इष्ट असते, तेथे ते फार सोयीचे पडते.

अंमल न होण्याचे दुसरे कारण क्रमाचे असते. टाइमची आज्ञा आली की त्या मापाची सर्व मूळ कलमे पुन्हा जारी होतात आणि तिच्या आधी केलेले फेरफार पुसले जातात. म्हणून फेरफार नेहमी टाइमच्या आज्ञेनंतर लिहावेत. मोठ्या रचनेत माप वारंवार बदलून पुनःपुन्हा ४/४ वर येत असेल तर प्रत्येक वेळी तीच कलमे लिहिण्यापेक्षा ‘ओव्हरराइड-टाइम-सिग्नेचर-सेटिंग्ज’ ही आज्ञा आरंभी एकदा द्यावी. तिच्यामुळे त्या मापाची मूळ नोंदच बदलते आणि पुढे ते माप जेव्हा जेव्हा येईल तेव्हा नवी विभागणी आपोआप लागू होते.

तिसरे कारण सर्वांत साधे आणि तरीही सर्वांत सहज नजरेआड होणारे आहे. रचना पूर्ण बारने सुरू न होता एखाद-दोन क्वेव्हरांच्या उठावणीने सुरू होत असेल आणि ‘पार्शल’ ह्या आज्ञेने त्या उठावणीची लांबी सांगितलेली नसेल, तर प्रणाली पहिल्या स्वरालाच बारचा आरंभ समजते आणि तेथून पुढचा प्रत्येक पुंजका तितक्याच अंतराने सरकतो. मधल्याच एखाद्या स्वराची लांबी चुकीची टंकली गेली तरी हाच परिणाम होतो. अशा वेळी बीमची विपरीत जोडणी ही मोठ्या उपयोगाची निशाणी ठरते: एखाद्या ठिकाणापासून पुढे सर्वच पुंजके तिरपागडे दिसू लागले, तर बीमला हात न लावता त्या ठिकाणाच्या मागेपुढे लांबीची चूक शोधावी. प्रत्येक बारच्या अखेरीस उभ्या दंडाचे | हे चिन्ह टंकण्याची शिस्त पाळली तर बार पुरा न भरल्याची किंवा ओसंडल्याची सूचना प्रणाली स्वतःच देते, आणि हा शोध घेण्याची वेळही क्वचितच येते.

हात केव्हा घालावा

नियम दुरुस्त झाल्यावर जी स्थळे उरतात ती खरोखरच लेखकाच्या विवेकाची असतात, आणि तेथे हाताने जोडणी करण्यात काहीही कमीपणा नाही. ज्या स्वरापासून बीम सुरू करावयाचा त्याच्यानंतर [ आणि ज्यावर संपवावयाचा त्याच्यानंतर ] टंकले की तेवढ्यापुरता स्वयंचलित निर्णय बाजूस राहतो. एखादा स्वर सुटाच ठेवावयाचा असेल तर त्याच्यानंतर ‘नो-बीम’ लिहावे. विराम पुंजक्याच्या मध्ये आला आणि बीम त्यावरून पुढे न्यावयाचा असेल तेव्हा, किंवा स्वरवाक्य बारची रेघ ओलांडून जाते हे दाखविण्यासाठी बीमही रेघेपलीकडे न्यावयाचा असेल तेव्हा, हाच मार्ग घ्यावा लागतो. मापाच्या विरुद्ध जाणारा आघात, उदाहरणार्थ ३/४ च्या दोन बारमध्ये दोन-दोन ठोक्यांचे तीन गट, बीमने दाखवावा की न दाखवावा, हा प्रश्न रचनाकाराच्या हेतूचा आहे. वाद्यवृंदात इतर सर्व वादक मूळ मापात वाजवीत असतील तर मापाला धरून जोडणी करावी आणि आघात स्वतंत्र चिन्हाने दाखवावा, कारण त्या गर्दीत वादकाला आपली जागा न चुकणे अधिक महत्त्वाचे असते. एकल वादनात मात्र आघाताला धरून जोडलेला बीम अधिक बोलका होतो.

गायनाच्या लेखनात हा प्रश्न वेगळे रूप धारण करतो. जुन्या परंपरेत प्रत्येक अक्षरासाठी स्वतंत्र स्वर असेल तर तो सुटा, आपल्या शेपटीनिशी लिहीत, आणि एकाच अक्षरावर अनेक स्वर गावयाचे असतील तेव्हाच ते जोडीत. गोव्यातील चर्चच्या गायनवृंदाची पाने वाचणाऱ्यांना ही रीत परिचित असेल. आधुनिक प्रकाशनांत गायनाचेही बीम वाद्यांप्रमाणे ठोक्यानुसार जोडतात आणि एका अक्षरावरील स्वरांवर गुंफणीची वक्ररेषा काढतात. दोहोंपैकी कोणतीही रीत पत्करता येते, पण एका पुस्तकात एकच चालवावी. जुनी रीत हवी असल्यास ‘ऑटो-बीम-ऑफ’ ह्या आज्ञेने स्वयंचलित जोडणी बंद करावी आणि हवे तेवढेच स्वर कंसांनी जोडावेत. लिलीपॉण्डमध्ये ह्याचा एक मोठा लाभ असा की जोडणी अशी बंद असताना हाताने जोडलेल्या स्वरांना प्रणाली एकाच अक्षराचे स्वर मानते, आणि खालील गीताची अक्षरे त्यानुसार आपोआप योग्य स्वरांखाली बसविते. मराठी गीतात आलाप किंवा लहानशी तान मध्येच येते तेव्हा ही सोय अक्षरे सरकण्याच्या व्यापातून सोडविते.

इतर प्रणालींत हेच

ज्यांचे काम म्यूझस्कोर, सिबेलियस किंवा डोरिको ह्यांवर चालते त्यांनाही वरील तत्त्व जसेच्या तसे लागू आहे. बदलते ते केवळ दार. म्यूझस्कोरमध्ये टाइम सिग्नेचरच्या गुणधर्मांची चौकट उघडली की क्वेव्हर, सेमिक्वेव्हर आणि त्याहून लहान स्वर ह्यांचे पुंजके वेगवेगळे दाखविलेले असतात व हवे तेथे तोडता येतात. ही दुरुस्ती पुढचे माप येईपर्यंत टिकते. सिबेलियसमध्ये टाइम सिग्नेचर निवडण्याच्या चौकटीतच बीम आणि विराम ह्यांच्या गटांचा तपशील भरता येतो. डोरिकोमध्ये माप टंकतानाच ३+२+२ असे लिहिले की जोडणी त्याप्रमाणे होते, आणि ते आकडे चौकोनी कंसात घातले तर विभागणी पाळली जाऊन पानावर केवळ ७/८ छापले जाते. एका प्रणालीतून दुसरीत काम नेताना म्यूझिक एक्सएमएल ह्या स्वरूपाचा आधार घेतात. त्यात बीमची नोंद जाते, परंतु नवी प्रणाली ती नोंद जशीच्या तशी ठेवील किंवा आपल्या नियमाने पुन्हा जोडणी करील, म्हणून आयात केल्यावर पहिले काम म्हणून मिश्र मापाचे बार आणि उठावणीचे बार नजरेखालून घालावेत.

कामाचा क्रम

सारांश, नवी रचना हाती घेताना पुढील क्रम ठेवावा. प्रथम कागद-पेन्सिल घेऊन ठरवावे की ठोका कोणता आणि त्याचे गट कसे. तालबद्ध रचना असेल तर मात्रेचे मूल्य ठरवावे. दुसऱ्या पायरीस ती विभागणी टाइमच्या आज्ञेसोबत किंवा मापाच्या चौकटीत लिहावी, आणि ४/४ किंवा ३/४ असेल तर अपवादांचे काय करावयाचे ते तेथेच निश्चित करावे. तिसऱ्या पायरीस उठावणीची लांबी सांगून सर्व स्वर टंकावेत, आणि टंकन पुरे होईपर्यंत एकाही बीमला हात लावू नये. कारण अर्धवट अवस्थेत केलेल्या हातदुरुस्त्या पुढे नियम बदलला तरी तशाच चिकटून राहतात, आणि मग नियमाने झालेली जोडणी कोणती व हाताने केलेली कोणती हे ओळखणे दुरापास्त होते. चौथ्या पायरीस संपूर्ण रचना छापून, वाद्य हाती न घेता, केवळ टाळी देत पुंजके वाचावेत. जेथे टाळी आणि पुंजक्याचा आरंभ जुळत नाही तेथे खूण करावी. आणि खुणा सर्वत्र सारख्याच ठिकाणी पडल्या असतील तर नियमाकडे, एका स्थळापासून पुढे पडल्या असतील तर लांबीच्या चुकीकडे, आणि तुरळक, एकट्या-दुकट्या असतील तरच हाताच्या दुरुस्तीकडे वळावे.

शक्य असेल तर ही छापलेली प्रत ती रचना कधीही न ऐकलेल्या एखाद्या वादकाला वाजवावयास द्यावी. लेखकाच्या कानात ती रचना आधीच घोळत असल्याने त्याला चुकीच्या पुंजक्यातूनही योग्य लय ऐकू येते. त्रयस्थाला तशी मदत नसते, आणि तो जेथे अडखळतो तेथे कागदाने त्याला पुरेसे सांगितलेले नसते. त्या जागा त्याला स्पष्टीकरण देऊन निभावून नेऊ नयेत, कागदावर दुरुस्त कराव्यात; कारण पुढे ते पान ज्या अनेकांच्या हाती जाईल, त्यांना स्पष्टीकरण देण्यास लेखक तेथे हजर असणार नाही.